बातमी पहिल्या पानावर, कबुली दहाव्या!

‘अहो, पेपरात छापून आलंय!’ असं कुणी म्हटलं की घरातला वाद तिथंच मिटतो. जिन्यात ऐकलेल्या गोष्टीला आपण निदान ‘खरं की काय?’ असं तरी विचारतो. छापील मजकुराला मात्र विचारत नाही. या भाबडेपणाची किंमत काय असू शकते, हे इराककडे पाहून कळतं.

८ सप्टेंबर २००२, रविवार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी झळकली : इराक ॲल्युमिनियमच्या हजारो नळ्या मिळवायच्या खटपटीत आहे आणि अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करायला त्या हव्या आहेत, असं अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटतं. अधिकाऱ्यांची नावं नव्हती. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि त्यांनी याच बातमीचा दाखला दिला. गंमत पाहा! सरकारातल्या माणसांनी सांगितलं, वर्तमानपत्रानं छापलं आणि सरकारनं पुन्हा वर्तमानपत्राकडेच बोट दाखवलं. एकाच तोंडातली गोष्ट दोघांची साक्ष ठरली.

शंका घेणारे नव्हते असं नाही. या नळ्या साध्या रॉकेटसाठी असाव्यात, असं अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ म्हणत होते. ‘नाइट रिडर’ या वृत्तसंस्थेचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल सरकारी दाव्यांतल्या फटी दाखवत होते. पण सद्दाम हुसेन यांच्या राजवटीनं १९८८ मध्ये हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं! ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसनं युद्धाचा अधिकार दिला आणि २० मार्च २००३ रोजी हल्ला सुरू झाला.

पुढं कोपरान् कोपरा धुंडाळला गेला. सर्वसंहारक अस्त्रांचे साठे काही सापडले नाहीत. तोवर इराकमधली हजारो घरं उजाडली होती. पुढच्या वर्षांत मेलेल्या नागरिकांची संख्या लाखावर गेली. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिकांच्या आयाही मुलांना मुकल्या.

आपलं वार्तांकन हवं तितकं काटेकोर नव्हतं, असं ‘टाइम्स’नं २६ मे २००४ रोजी कबूल केलं. तेही आतल्या दहाव्या पानावर!

या युद्धाची झळ दिल्लीपर्यंतही आली होती. इराकमध्ये भारतीय फौज पाठवा, असा अमेरिकेचा आग्रह होता. संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय ते शक्य नाही, असं वाजपेयी सरकारनं १४ जुलै २००३ रोजी ठरवलं. त्या निर्णयामुळं इथल्या किती घरांतली काळजी मिटली असेल!

सामान्य वाचकाला गुप्तचरांच्या फायली उघडता येत नाहीत, हे खरं. पण ‘हे सांगितलं कुणी? त्याला नाव आहे का? यात त्याचा फायदा काय?’ एवढं तर कुणालाही विचारता येतं. भाजी घेताना आपण मेथीची जुडी उलटून पाहतोच ना? मग ज्या बातमीवरून कुणाचा तरी मुलगा रणांगणावर जाणार, ती उलटून पाहायला काय हरकत आहे?