यंत्राला विचारायचे कसे?

‘डीबगर’ला मराठीत काय म्हणावे? ‘बग’ म्हणजे किडा, म्हणून ‘कीडशोधक’ हा शब्द पटकन सुचतो. आमचा चिमूरचा भाग धानाचा, त्यामुळे कीड म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. खोडकिडा लागला की अळी खोडाच्या आत बसून पोखरत राहते. बाहेरून दिसते ते इतकेच, की लोंब पांढरी पडली आणि दाणा भरला नाही. खोड चिरल्याशिवाय अळी दिसत नाही. डीबगर म्हणजे असाच एखादा विळा, प्रोग्राम चिरला की किडा हाती, असे कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात डीबगर काही चिरत नाही. तो विचारतो. आणि समोरच्याची उत्तर द्यायची तयारी नसेल तर विचारून काही उपयोग नाही. हे मला माझ्या नातीच्या खटपटीतून समजले आणि तेव्हापासून डोक्यात घोळते आहे, म्हणून लिहितो.

नात नागपूरला अभियांत्रिकी शिकते. २०२५ च्या घोडायात्रेच्या दिवसांत ती घरी आली ती डोक्यावर प्रकल्पाचे ओझे घेऊनच. धान खरेदीचा हिशेब करणारा प्रोग्राम तिने जावा भाषेत लिहिला होता. वजन किलोत टाकायचे, प्रोग्रामने क्विंटल काढायचे, भावाने गुणायचे आणि रक्कम छापायची. चार शेतकऱ्यांचे हिशेब बरोबर आले, पाचव्याचा चुकला. २५० किलोला २०२४-२५ च्या हंगामातील साधारण धानाच्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला २३०० रुपयांनी, ५७५० रुपये यायला हवेत. यंत्र म्हणे ४६००. साडेअकराशे रुपये गेले कुठे? कुठे तक्रार नाही, इशारा नाही, प्रोग्राम बंदही पडला नाही. सादरीकरणाला चार दिवस उरले होते आणि पोरगी रडकुंडीला आलेली.

इथे थोडे जावाबद्दल सांगायला हवे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली ही भाषा जगापुढे आणली. तिची खुबी अशी की आपण लिहिलेला प्रोग्राम थेट संगणकाच्या भाषेत जात नाही. तो आधी ‘बाइटकोड’ नावाच्या एका मधल्या भाषेत जातो. ती मधली भाषा वाचून काम करणारे एक यंत्र असते, पण तेही लोखंडाचे नाही, तोही एक प्रोग्रामच. त्याला आभासी यंत्र म्हणतात. म्हणजे आपला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहतो. म्हणून डीबगरला पोटातल्या प्रोग्रामशी थेट बोलता येत नाही, त्या आभासी यंत्राशी बोलावे लागते.

हे बोलणे मोठ्या शिस्तीचे असते. डीबगर आधी चौदा अक्षरांचा एक ठरलेला शब्द पाठवतो, ‘जेडीडब्ल्यूपी-हँडशेक’. यंत्र तीच चौदा अक्षरे जशीच्या तशी परत पाठवते. हा रामराम झाला की मग प्रश्न सुरू. अमुक ओळीवर थांब. या नावाच्या डब्यात आत्ता किती आहे? बरे, आता एक ओळ पुढे चल.

नातीचा लॅपटॉप जुना, दोन्ही कामे एकदम झेपत नव्हती. म्हणून तिने प्रोग्राम घरातल्या संगणकावर चालवला आणि डीबगर लॅपटॉपवर ठेवला. संगणकाच्या पडद्यावर ‘५००५ क्रमांकावर ऐकत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. तरी लॅपटॉप जोडला जाईना.

“आबाजी, हे तं जोडूनच नाही राहिलं!”

“काहून? काय म्हणते ते?”

“जोडणी नाकारली म्हणते. थे मशीन तर म्हणते का मी ऐकून राहिली.”

मी शिक्षक माणूस. मला यंत्रातले काही कळत नसले तरी प्रश्न विचारता येतो. म्हटले, ऐकते आहे, पण कोणाचे ऐकते आहे?

गच्चीवर जाऊन, फोनला रेंज मिळवून तिने शोधले. उत्तर माझ्या प्रश्नातच निघाले. तिच्याजवळची सूचना जुन्या जावाची होती. पूर्वी नुसता क्रमांक दिला की यंत्र बाहेरच्या कोणाचेही ऐकत असे. २०१७ साली जावाची नववी आवृत्ती आली, तेव्हापासून नुसता क्रमांक दिला तर ते फक्त घरातल्यांचेच ऐकते, म्हणजे त्याच संगणकावरून आलेले. बाहेरच्याला येऊ द्यायचे असेल तर क्रमांकाच्या आधी एक तारांकन आणि अपूर्णविराम लिहून तसे स्पष्ट सांगावे लागते.

हा बदल शहाणपणाचाच आहे. या संभाषणात पासवर्ड विचारत नाहीत. चौदा अक्षरे म्हणणारा जो कोणी येईल तो यंत्राकडून वाटेल ते करून घेऊ शकतो. असे दार सताड उघडे ठेवत नाहीत. घरच्या जाळ्यातच तिने ते उघडले आणि काम झाल्यावर आठवणीने बंदही केले.

जोडणी झाली. प्रोग्राम हव्या त्या ओळीवर येऊन थांबला. मोठा आनंद! पण डब्यांत काय आहे विचारले तर यंत्र म्हणते, नावांची माहिती उपलब्ध नाही.

याचे कारण मला फारच ओळखीचे वाटले. जावाचा प्रोग्राम मधल्या भाषेत जातो तेव्हा ओळींचे क्रमांक आणि फाइलचे नाव सोबत राहते, पण आतल्या डब्यांना आपण दिलेली नावे, ‘किलो’, ‘क्विंटल’, ‘भाव’, ही वेगळे सांगितल्याशिवाय ठेवली जात नाहीत. यंत्राला नावांची गरज नसते, पहिला डबा, दुसरा डबा यावर त्याचे भागते. नावे लागतात ती विचारणाऱ्या माणसाला. वाचकहो, गणिताच्या पेपरात उजवीकडे कच्च्या कामाची जागा आखायला आम्ही मुलांना सांगत असू, ते आठवा. उत्तर चुकले तरी पायऱ्या असल्या की कुठे घसरला ते दिसते. पायऱ्याच पुसून टाकणाऱ्या पोराला मास्तर काय विचारणार? नातीने रूपांतराच्या आज्ञेत ‘जी’ हे एकच अक्षर वाढवले, म्हणजे ‘कच्चे काम ठेव’ असे सांगितले, आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

मला एक शंका आली. ही यंत्रे वेगासाठी पायऱ्या गाळतात, एकत्र करतात असे तीच सांगत होती. मग धावत्याला मध्येच थांबवून ‘आत्ता तू कुठल्या पायरीवर आहेस’ विचारले तर ते काय सांगेल? तिने वाचून सांगितले की हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडला होता. ‘सेल्फ’ नावाच्या भाषेवर काम करणाऱ्या उर्स हॉल्झ्ले, क्रेग चेंबर्स आणि डेव्हिड उंगार यांनी १९९२ साली त्यावर उपाय मांडला. यंत्राने हवे तेवढे वेगाने पळावे, पण माघारी साध्या पायऱ्यांवर कसे यायचे याची टिपणे जवळ ठेवावीत. कोणी विचारले की टिपणे काढून पायरीपायरीच्या चालीवर यावे. सनने १९९९ साली काढलेल्या ‘हॉटस्पॉट’ या आभासी यंत्रात हीच युक्ती आली. म्हणजे विचारणाऱ्याची सोय पळण्याआधीच करून ठेवलेली असते. मागाहून ती करता येत नाही.

असो. यंत्र थांबले. ‘किलो’ किती? २५०. ‘क्विंटल’ किती? २.

दोघेही पडद्याकडे बघत राहिलो. अडीचचे दोन झाले होते. जावात पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडतो, तो नियमच आहे. पहिल्या चार शेतकऱ्यांना तिने दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे असे गोल आकडे दिले होते, म्हणून चूक झाकून राहिली. तिने क्रम बदलला, आधी भावाने गुणायचे आणि शंभराने शेवटी भागायचे. ५७५० आले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चुकीसाठी एवढा खटाटोप? मध्येमध्ये आकडे छापूनही सापडली असती. सापडली असती, खरे आहे. पण काय छापायचे हे आधी सुचावे लागते, आणि दर शंकेला प्रोग्राम बदलावा लागतो. तिला ‘क्विंटल’वर संशयच नव्हता. भागाकार कोणाला चुकीचा वाटतो? जिथे संशय नाही तिथेही सहज विचारता आले, हा डीबगरचा उपयोग.

इंग्रजी सूचनांना बिचकणाऱ्या मुलांसाठी एक सांगतो. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात जावाचे पाठ मराठी निवेदनातही आहेत. नातीने तिथूनच सुरुवात केली होती. आपल्या भाषेत ऐकले की प्रश्न विचारायला जीभ लवकर उचलते, हा माझा वर्गातला अनुभव.

मला मात्र त्या रात्री त्या पाचव्या शेतकऱ्याचाच विचार पडला. तो कागदावरचा होता, पण तसे खरे कितीतरी आहेत. अर्धा क्विंटल धान म्हणजे किती वाकणे, किती चिखल, हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. त्याच्या हातात छापील रक्कम येते. यंत्राने काढली म्हणजे बरोबरच असणार, असे म्हणून तो ती घडी करून खिशात ठेवतो. त्याच्याजवळ डीबगर नाही. चौदा अक्षरे तो कुणाला म्हणणार?

सकाळी मी नातीला एवढेच म्हटले, “बाई, त्याच्यासाठी पण पायऱ्या ठेव.” तिच्या प्रोग्रामच्या पावतीवर आधी नाव आणि रक्कम एवढेच येत असे. आता किलो, क्विंटल, भाव आणि रक्कम अशा चार ओळी मराठीत येतात. बोटे मोजून कोणालाही पडताळता येतील अशा.