तिसऱ्या गेटापलीकडची शाळा

आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. इतक्या वर्षांत त्या कधी मोजाव्या लागल्या नव्हत्या. गेल्या वर्षी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या तीन पायऱ्यांचा एकदम जिना झाला. 'पायऱ्यांना धरायला दांडा करून घ्या,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दोन फॅब्रिकेशनवाल्यांना गाठलं. एक 'बघून जातो' म्हणाला, तो अजून येतोच आहे. दुसऱ्याने मात्र सरळ सांगितलं, 'सर, सहा फुटी पाइपासाठी मशीन उचलून कोण आणणार? गेट करणार असाल तर बोला.'

सेवानिवृत्त गणिताच्या मास्तराच्या डोक्यात किडा वळवळायला एवढं पुरे होतं. सुतारकामाची हौस होतीच. वाटलं, आपणच वेल्डिंग मशीन घेतलं तर? दांडा होईल, तुळशीभोवतीची जाळी होईल, मोडकी खुर्ची जोडली जाईल. सौ. म्हणाली, 'अहो, हौस करा, पण त्या दांड्याला मी धरणार आहे, एवढं लक्षात ठेवा.' हे वाक्य मी तेव्हा थट्टेवारी नेलं. पुढे तेच सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आलं.

आम्ही टिळकवाडीत राहतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले आणि जागेची अडचण आल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसवली, ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली होती. गाव सोडून कारखाना गेला, पण लोखंडाचा नाद गावात राहिला, असं मी मोठ्या ऐटीत म्हणत असे. त्या नादाचं गाव माझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर होतं आणि मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं!

तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबाग सुरू होते. नावात बाग असली तरी इथे वास येतो तो जळक्या वाळूचा आणि कूलंटच्या तेलाचा. फाउंड्रीतून निघालेले ओबडधोबड कास्टिंग एका दारात उतरतात आणि समोरच्या दारातून तासून, भोकं पाडून, चकचकीत होऊन बाहेर पडतात. एका शेडमध्ये लेथ गुणगुणतो, दुसरीत ग्राइंडर किंचाळतो. चहाच्या गाड्यावर मराठी, कानडी आणि हिंदी एकाच बशीत ओतलेली असते. निळ्या उजेडाच्या रोखाने मी एका छोट्या शेडपाशी थांबलो. आतल्या मिस्त्रींनी तोंडावरचा मुखवटा वर सरकवला आणि म्हणाले, 'सर, नववीत तुम्ही मला दोनदा बाकावर उभं केलं होतं. बसा की!'

मी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर सहा मशीनची नावं, किमती आणि अँपिअर लिहिले होते. मिस्त्रींनी ती पाहिलीदेखील नाही. 'तीन प्रश्नांची उत्तरं द्या,' ते म्हणाले. 'काय जोडणार? कुठे बसून जोडणार? आणि बिघडलं तर कुठे नेणार?' मास्तरकी बदलली होती, हे उघड होतं.

पहिल्या प्रश्नावरच अर्धा तास गेला. रॉडचं वेल्डिंग, म्हणजे होल्डरमध्ये कांडी धरून करतात ते, सगळ्यांत स्वस्त. पण नवशिक्याची कांडी चिकटते, हात थरथरतो आणि पातळ पाइपला भोक पडतं. मिगमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली बारीक तार रिळावरून आपोआप पुढे येते, टॉर्चचा घोडा दाबला की ठिणगी पडते आणि नळीतून येणारा वायू वितळलेल्या धातूला हवेपासून झाकून ठेवतो. नावात 'इनर्ट गॅस' असला तरी आपल्याकडे लोखंडाला बहुतेक कार्बन डायऑक्साइडच वापरतात, म्हणून उद्यमबागेत याला सरळ 'सीओटू' म्हणतात. घरच्या एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या कामाला ०.८ मिलिमीटरची तार पुरते. जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर, असा ढोबळ हिशेब त्यांनी सांगितला. माझ्या दांड्याचा पाइप दोन मिलिमीटरचा, म्हणजे ८० अँपिअर. 'मग तुमच्या चिठ्ठीत २५०चं मशीन कशाला?' मी गप्प.

दुसरा प्रश्न जागेचा. घरचा पॉइंट १६ अँपिअरचा. १०० अँपिअरने काम करताना ठिणगीला १९ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे १,९०० वॉट. मशीनचं स्वतःचं खाणं धरलं तरी घरचा पॉइंट तो भार कसाबसा पेलतो. तेच २०० अँपिअरला ४,८०० वॉट होतात आणि मग वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी आला. शिवाय आमचं बेळगाव वाऱ्याचं. उघड्यावर काम केलं तर वायू उडून जातो आणि वेल्डला सुयांसारखी भोकं पडतात. त्यासाठी पोटात फ्लक्स भरलेली तार मिळते, तिला सिलिंडर लागत नाही. पण ती महाग, धूर फार आणि वरची खपली झाडावी लागते. शिवाय बहुतेक अशा तारेसाठी मशीनची जोडणी उलटी करावी लागते. वायूच्या वेळी टॉर्च धन टोकाला, या तारेच्या वेळी ऋण टोकाला. ही अदलाबदल करता येते का, हे आधी बघायचं. घेणारा विसरतो, विकणारा आठवण करून देत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. भाच्याचा फोन आला होता, 'मामा, कोल्हापुरात स्वस्त मिळेल, या.' म्हणून एका सकाळी एसटीत बसलो.

बेळगाव ते कोल्हापूर हा रस्ता आम्हा सीमाभागातल्या लोकांच्या तळहाताची रेघ आहे. संकेश्वरला मिरची, निपाणीला तंबाखू, मध्ये तवंदीचा घाट, कागलच्या आधी पाट्यांची भाषा बदलते. माणसांची बदलत नाही. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या रांगा दिसल्या की कोल्हापूर आलंच. राजारामपुरीला लागून असलेलं शिवाजी उद्यमनगर म्हणजे आमच्या उद्यमबागेचं थोरलं भावंड. शेतकऱ्याच्या ऑइल इंजिनावर वाढलेली ही वस्ती. अजूनही बोळाबोळांतून लोखंड घासल्याचा आवाज येतो.

दुकानात मशीन मांडून ठेवली होती, मिठाईच्या दुकानात पेढे मांडतात तशी. एका लाल पेटीवर ठळक '२५०' छापलेलं आणि किंमत सगळ्यांत कमी. मी मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे मागची पट्टी वाचली. तिच्यावर 'ड्यूटी सायकल' लिहिलेली असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्ड आणि चार मिनिटं विश्रांती. पण ती किती अँपिअरला, हे महत्त्वाचं. लाल पेटीची ६० टक्क्यांची ओळ छातीवरच्या आकड्याच्या बरीच खाली होती. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा तोंडी फाडफाड उत्तरं देतो आणि वहीत काही नसतं, तसलाच प्रकार. झाकण उघडलं तर तार ओढणारा भाग प्लॅस्टिकचा. शेजारच्या २०० अँपिअरच्या मशीनचा तो भाग धातूचा होता, टॉर्च वेगळी करता येत होती, पाच किलोचं रीळ बसत होतं आणि वेळेला रॉडचंही काम होत होतं.

मी तेच पसंत केलं. दुकानदार बिल करायला बसले आणि पत्ता ऐकून थांबले. 'बेळगावचं व्हय? मग हितनं कशाला नेताय? दोन हजार वाचतील, पण एक बोर्ड गेला तर हे धूड घेऊन सव्वादोनशे किलोमीटर जाऊन येऊन करणार का? आमचाच माल तुमच्या उद्यमबागेत मिळतोय की.' आपलं गिऱ्हाईक हातचं घालवणारा असा माणूस मी फार पाहिलेला नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं कोल्हापुरात मिळालं. रंकाळ्यावर भाच्याबरोबर भेळ खाल्ली आणि रिकाम्या हाताने परत आलो.

मशीन शेवटी बेळगावातच घेतलं. पैसे वाचले असते ते दुसरीकडे गेले. चांगला मुखवटा, चामड्याचे हातमोजे, रेग्युलेटर आणि सिलिंडरची अनामत. सिलिंडर घेताना त्याच्या मानेवर ठोकलेली चाचणीची तारीख बघायची, हेही शिकलो. मशीनच्या किमतीत अर्धी खरेदी होते, उरलेली अर्धी या पोटभाड्याची असते. डोळ्यांच्या बाबतीत काटकसर नको. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. जस्ताच्या पाइपवर तसंच वेल्ड केलं तर त्या धुराने ताप भरतो. म्हणून मी काळा पाइप घेतला.

गॅरेजचं दार उघडं ठेवून, वाऱ्याच्या बाजूला पत्रा लावून आठ दिवस भंगारावर सराव केला. नवव्या दिवशी दोन पट्ट्या जोडल्या. रन असा देखणा पडला होता, की मी तो सौ.ला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला आणि पिशवीत घालून मिस्त्रींकडे नेला. त्यांनी एकदाच पाहिलं, पट्टी शिकंज्यात आवळली आणि वरून हातोडा घातला. दुसऱ्याच घावाला माझा देखणा रन सबंधच्या सबंध सुटून फरशीवर पडला. खालच्या पट्टीवर साधा ओरखडा नव्हता.

'दिसायला गोड, आतून कोरडं,' मिस्त्री म्हणाले. 'सर, मिगची ही खोड आहे. रॉडचं वाईट काम वाईटच दिसतं. मिगचं वाईट काम छान दिसू शकतं. तारेची गरमी खालच्या लोखंडात उतरली नाही, तर ती नुसती वर बसते, भिंतीवर माती लिंपल्यासारखी.'

मला सौ.चं वाक्य आठवलं आणि पाठीतून शिरशिरी गेली. ती त्या दांड्याला धरणार होती. सगळा भार टाकून.

त्यानंतर दर शनिवारी मी शाळेत जाऊ लागलो. पट्ट्यांच्या कडा घासून तिरक्या करायच्या, गंज आणि रंग काढून लोखंड पांढरं करायचं, अर्थचा चिमटा स्वच्छ जागी लावायचा, व्होल्टेज आणि तारेचा वेग एकमेकांशी जुळवायचा. जुळला की तळणीत भजी पडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. आणि मग प्रत्येक सांधा हातोड्याखाली. अकरा सांधे मोडले. बारावा वाकला, दुमडला, पण सुटला नाही. मिस्त्रींनी तो शिकंज्यातून काढला आणि काही न बोलता माझ्या हातात ठेवला. मला आयुष्यात मिळालेल्या प्रमाणपत्रांत त्याचा नंबर बराच वरचा आहे.

तरीही दांड्याचे खालचे दोन सांधे, जिथे सगळा जोर येतो, ते मिस्त्रींनी स्वतः येऊन मारले. मशीन माझं, हात त्यांचा. पैसे विचारले तर म्हणाले, 'बाकावर उभं केल्याचं फिटलं म्हणा की!'

आता कुणी विचारतं, हौसेसाठी कुठलं मशीन घेऊ? मी नाव सांगत नाही. ते तीन प्रश्न सांगतो आणि वर एक चौथा जोडतो. तुमचा सांधा मोडून दाखवणारा कुणी जवळ आहे का? असेल तर साधं मशीनही चालेल.

सौ. रोज सकाळी त्या दांड्याला धरून फुलं काढायला उतरते. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून उभा होतो. ती खाली पोचली, मागे वळली आणि म्हणाली, 'रंग कधी देणार?'

रंग अजून द्यायचाच आहे.