खिडकीपुढची रांग

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ ही संगणक प्रणाली जाहीर झाली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचा सर्व्हर माझ्या ताब्यात आहे. विद्यार्थी, प्राध्यापक, पाहुणे संशोधक असे पुष्कळ जण एकाच वेळी त्यावर काम करत असतात. नवी आवृत्ती आली की बहुतेक लोक आधी नवं काय मिळालं ते बघतात. मी रिलीज नोट्समधलं अडचणींचं प्रकरण आधी उघडते. कुठला बदल कोणाच्या कामाच्या आड येईल, ते तिथे लिहिलेलं असतं. ही सवय मला झाशीत लागली, सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत. ज्यांनी ती लावली त्या काकांचं देणं अजून माझ्या अंगावर आहे.

झाशीतली मराठी माणसं म्हटली की नेवाळकर आठवतात, राणी आठवते, गणेश मंदिरात १८४२ मध्ये लागलेलं तिचं लग्न आठवतं. आमचं घर इतकं जुनं नव्हे. आमच्यासारख्यांना रेल्वेनं तिथे नेलं. झाशी मंडळ १ एप्रिल २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होतं, मुख्यालय मुंबईला. म्हणून भुसावळ, दौंड, सोलापूरकडची माणसं बदलीवर यायची आणि काही तिथेच राहून जायची. मंडळ उत्तर मध्य रेल्वेत गेलं तोवर माझ्या वडिलांची मुळं झाशीत रुजली होती. काकांचंही तसंच झालं. ते आमचे रक्ताच्या नात्यातले नव्हेत. गणपतीत ओळख झाली आणि मग ते काका, त्या काकू.

काका मूळचे भुसावळचे. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या आरक्षण केंद्रात यंत्राच्या रात्रपाळ्या केल्या होत्या. रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि मग इतर महानगरांत गेलं. ते व्हॅक्स यंत्रांवर, व्हीएमएस नावाच्या प्रणालीवर चालायचं. पुढे क्रिस या रेल्वेच्याच संस्थेनं ‘कॉन्सर्ट’ ही आरक्षण प्रणाली बांधली आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. झाशीच्या खिडकीवर बसून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढता येऊ लागलं, त्यामागे हे काम होतं.

व्हीएमएसबद्दल काका बोलू लागले की काकूंना चहा दोनदा गरम करावा लागे. त्या प्रणालीत प्रत्येक फाइलवर चार जणांचे हक्क वेगवेगळे लिहिलेले असत: यंत्राची देखभाल करणारा, फाइलीचा धनी, त्याचा गट आणि बाकीचं जग. फाइल बदलून जतन केली की जुनी पुसली जात नसे. नावापुढे अर्धविराम आणि पुढचा क्रमांक लागून नवी तयार होई आणि जुनी शेजारीच राही. काकांना सगळ्यांत जास्त अभिमान होता तो क्लस्टरचा. अनेक यंत्रं एकत्र बांधलेली असली की एकेक यंत्र बाजूला काढून त्यावर नवी आवृत्ती चढवायची, परत जोडायची, मग पुढचं घ्यायचं. लोकांचं काम तोवर उरलेल्या यंत्रांवर चालू. “अपडेट आपल्यासाठी असतं,” ते म्हणायचे, “रांग लोकांची असते. खिडकीपुढे उभा असलेला माणूस घरी परत जाता कामा नये.”

रांग म्हणजे काय हे त्यांनी पाहिलं होतं. मे महिन्यात बिहारकडच्या गाड्यांसाठी पहाटेपासून उभी असलेली माणसं, कडेवर मूल, हातात घामानं भिजलेला फॉर्म. पडद्यावर काहीतरी अडकलं की खिडकीतला बाबू मान वर करून बघतो आणि मागच्या शंभर माणसांत कुजबूज पसरते. हे ज्यानं पाहिलं आहे, तो यंत्राकडे एकट्याच्या नजरेनं बघूच शकत नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी बंगल्याच्या मागच्या खोलीत मुलांसाठी संगणक मांडले. इलाइट चौराह्याकडून सायकलनं यायला आम्हाला सोपं पडायचं. रस्त्याला कडुलिंब, आत उंच छत, जाड भिंती. झाशीच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे गेला तरी त्या खोलीत बसवत असे. संगणक म्हणजे एकच बरा सर्व्हर आणि भिंतीलगत मांडलेली भंगारातली पेंटियम यंत्रं. त्या यंत्रांना हार्ड डिस्क नव्हती. चालू केली की ती नेटवर्कवरून सर्व्हरकडे बूट मागत, आणि पडदा व कळफलक तेवढा मुलासमोर, बाकी सगळं काम सर्व्हरवर. एलटीएसपी हा प्रकल्प १९९९ मध्ये याच कल्पनेवर सुरू झाला होता. काकांना ती रचना लगेच ओळखीची वाटली असणार: मधे एक यंत्र आणि भोवती टर्मिनलं, आरक्षण केंद्रात होतं तसंच.

फी नव्हती. सिव्हिल लाइन्समधल्या बड्या घरांतली मुलं यायची, स्टेशनकडच्या रेल्वे क्वार्टरांतली यायची, बंगल्याच्या माळ्याचा मुलगाही यायचा. तो त्यांना अंकल म्हणे आणि बुंदेलीत बोले. काका त्याला भुसावळी वळणाच्या हिंदीत उत्तर देत. प्रत्येकाचं खातं वेगळं, घरची डिरेक्टरी वेगळी, जागेचा कोटा सगळ्यांना सारखा. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांच्या मुलीला जेवढे मेगाबाइट, तेवढेच माळ्याच्या मुलाला. यावर कोणी कुरकुर केली नाही, कारण काकांनी ती सोय कोणाला ठेवलीच नव्हती. विजेचं बिल काकूंनी भरलं. वाळ्याचं पाणीही त्यांचंच. त्यांचं नाव कुठल्या लॉगमध्ये नाही, म्हणून इथे लिहिते.

एप्रिल २००७ मध्ये डेबियन ४, ‘एच’, आलं. तोवर आमच्याकडे ‘सार्ज’ ही आधीची आवृत्ती होती. काकांनी नोट्स छापून आणल्या आणि आम्हा मोठ्या मुलांना समोर बसवून एकेक परिच्छेद वाचायला लावला. वाचून झालं की विचारायचे, “हे कोणाला लागेल?” पडद्याचं चित्र काढणारी जुनी एक्सफ्री८६ प्रणाली जाऊन एक्सऑर्ग येणार होती. हे लागणार होतं सगळ्यांनाच, कारण प्रत्येक पेंटियमचं ग्राफिक्स कार्ड वेगळं. म्हणून भिंतीलगतचं एकेक यंत्र आधी तपासायचं ठरलं. नव्या स्थापनेत अक्षरांचं मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ होणार होतं. जुन्यावरून चढणाऱ्यांचं मात्र आहे तसं राहणार होतं. हे लागणार होतं ज्यांनी देवनागरीत फायलींना नावं दिली होती त्यांना, म्हणजे मला आणि आणखी दोघींना. काकांनी आमच्या फायली आमच्यासमोर बदलून घेतल्या, प्रत उघडून दाखवली, मग जुन्या काढल्या.

अपडेटच्या दिवशी त्यांनी आधी ‘हू’ ही आज्ञा दिली. कोण कोण बसलं आहे ते यंत्र सांगतं. माळ्याचा मुलगा बसलेला होता, टंकलेखनाचा धडा चालू होता. काका थांबले. त्याचा धडा संपला, तो जतन करून उठला, तेव्हाच पुढची आज्ञा दिली गेली. मी त्या वेळी शाळेत होते. मोठ्या माणसानं मुलासाठी, तेही कामाच्या घाईत, थांबून राहणं मी फारसं पाहिलेलं नव्हतं.

१३ मे २००८ ला डेबियननं एक दोष जाहीर केला. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या संचात २००६ मध्ये एक दुरुस्ती करताना यादृच्छिकता देणारी ओळ काढली गेली होती. उरली फक्त प्रक्रियेच्या क्रमांकाची, आणि तो साधारण बत्तीस हजारांच्या आतला. म्हणजे त्या काळात डेबियनवर तयार झालेल्या किल्ल्या आधीच मोजून ठेवता येत होत्या. लुचियानो बेल्लो या डेबियनच्याच विकसकानं तो शोधला. काकांनी बातमी वाचली आणि त्याच संध्याकाळी ज्यांच्या ज्यांच्या किल्ल्या होत्या त्यांना घरी फोन करून बोलावलं. दुरुस्तीचं पॅकेज चढवणं दोन मिनिटांचं काम होतं. जुन्या किल्ल्या मात्र पॅकेजनं बदलत नाहीत. त्या प्रत्येकानं स्वतः टाकून नव्या करायच्या असतात. डेबियननं आपली चूक इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिली, कोणाचं काय बिघडलं आणि त्यानं आता काय करायचं तेही लिहिलं, याचं काकांना फार मोल वाटलं. त्यांनी तो मजकूर मला दोनदा वाचायला लावला. चांगल्या गद्याचा पाठ मला शाळेच्या पुस्तकातून जितका मिळाला तितकाच तिथून मिळाला, हे मी मनापासून सांगते.

नंतर मी शिकायला पुण्याला आले आणि इथेच राहिले. काका गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. काकू म्हणाल्या, “तू तुझ्या लोकांचं बघ. त्यांना तेच आवडलं असतं.”

माझ्या लोकांचं बघणं म्हणजे काय, ते एकेका अपडेटनं मला शिकवलं आहे. २०१६ मध्ये यंत्रावरच्या प्रक्रिया सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीनं मूळ वर्तन बदललं: वापरकर्ता बाहेर पडला की त्याच्या मागे चालू असलेल्या सगळ्या प्रक्रिया बंद. लॅपटॉपपुरता विचार केला तर ते नीटनेटकं आहे. पण आमच्याकडे रात्रभर चालणारी गणितं लावून मुलं घरी जातात. डेबियननं हा बदल स्वीकारला नाही, जुनंच वर्तन मूळ ठेवलं, आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. उलट डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूनं २०२१ मध्ये, २१.०४ या आवृत्तीत, नव्या खात्यांच्या घरच्या डिरेक्टऱ्या इतरांना बंद केल्या. तोवर शेजारच्या खात्यातून कोणीही आत डोकावू शकत असे. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

काही दुरुस्त्या अशा असतात की ज्या एकट्याच्या यंत्रावर जाणवतही नाहीत. २६ जानेवारी २०२१ ला सूडो या आज्ञेतला दोष जाहीर झाला. तो २०११ पासून त्यात होता, आणि यंत्रावर साधं खातं असलेला कोणीही त्यातून सगळ्या यंत्राचा मालक होऊ शकत होता. जवळजवळ वर्षानं, २५ जानेवारी २०२२ ला, पीकेएक्झेक या आज्ञेतला तसाच दोष, २००९ पासूनचा. जिथे वेगवेगळ्या लोकांनी विश्वासानं आपलं काम एका यंत्रावर ठेवलं आहे, तिथे अशी दुरुस्ती सुट्टीच्या दिवशीही चढवावी लागते. दोन्ही वेळा मी ती चढवली, आणि दोन्ही वेळा आधी ‘हू’ म्हटलं.

आता डेबियन १३. यात तात्पुरत्या फायलींची टेम्प डिरेक्टरी डिस्कवरून मेमरीत गेली आहे. मुळात ती निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकते. यंत्र बंद झालं की तिच्यातलं सगळं जातं. आधीच्या टेम्पमध्ये पडून राहिलेल्या फायली डिस्कवर असतात, पण नव्या टेम्पखाली झाकल्या जातात, दिसत नाहीत. नव्यानं स्थापना केली तर टेम्पमधलं जुनं सामान आपोआप साफ होतं. जुन्यावरून चढलं तर ती साफसफाई सुरू होत नाही. काकांचा प्रश्न इथे विचारला की उत्तर लगेच मिळतं. जीवशास्त्राच्या दोन मुली आपले मोठे निकाल टेम्पमध्ये ठेवतात, कारण घरचा कोटा पुरत नाही. त्यांना पत्र लिहिलं, मग प्रत्यक्ष भेटले, त्यांना कायमची जागा वाढवून दिली आणि फायली त्यांच्यासमोर हलवल्या.

दुसरा बदल आहे ‘लास्ट’ आणि ‘लास्टलॉग’चा. कोण केव्हा आलं आणि गेलं हे सांगणाऱ्या या जुन्या आज्ञा ज्या नोंदी वाचत, त्यांत वेळ बत्तीस बिटांत लिहिलेली होती, चौसष्ट बिटांच्या यंत्रांवरसुद्धा. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी पावणेनऊला मिनिटभर कमी असताना, तो आकडा भरून जाणार. म्हणून नोंदींची पद्धतच नवी केली आहे. बारा-तेरा वर्षांनी येणाऱ्या सकाळसाठी कोणीतरी आज बसून हे लिहिलं. त्यांची नावं बदलांच्या याद्यांत असतात, मी ती वाचते. त्यातल्या बहुतेकांना मी कधी भेटणार नाही.

तिसरा बदल थेट झाशीला लागला. डेबियन १३ आता बत्तीस बिटांच्या जुन्या पीसींवर स्थापन होत नाही. मागची खोली अजून चालू आहे. काकांची नात ती बघते. बंगल्याच्या दर्शनी भागाचं रूप पालटलं, खोली तशीच आहे. एलटीएसपी २०१९ मध्ये नव्यानं लिहिलं गेलं आणि आता कार्यक्रम बहुतेक समोरच्या यंत्रावरच चालतात, त्यामुळे काकांच्या काळातली उरलेली यंत्रं तशीही दमली होती. मी पुण्यात चौसष्ट बिटांची वापरलेली यंत्रं जमवली, तपासली, आणि रेल्वे पार्सलनं पाठवली. काकूंनी फोनवर खोक्यांचा आकडा विचारला आणि व्हरांड्यात जागा करून ठेवली.

यंत्रं पोचल्यावर मी नातीला म्हटलं, या रविवारीच चढवून टाकू, मी इथून बघते. ती म्हणाली, “नाही ताई, मुलांच्या सहामाही चालू आहेत, दोघांचे प्रोजेक्ट अर्धे आहेत. ते छापून झाले की मी सांगते.” दिवाळीनंतर तिचा निरोप आला. सोबत तिनं यादी पाठवली होती: खात्याचं नाव, काय काय चालू आहे, कोणाला भेटून सांगितलं, कोणाला अजून सांगायचं आहे. शेवटच्या रकान्यात दोन नावं उरली होती. ती मुलं गावाला गेली होती, बुधवारी परत येणार होती. आम्ही गुरुवार धरला.