मागील बाकी

विसरवाडीच्या बाजारपेठेतील एका पिठाच्या चक्कीच्या दारावर आषाढ लागला की खडूने लिहिलेली एक सूचना दिसू लागते : ‘उपवासाचे दळण सकाळी पहिले.’ रात्री यंत्र झाडूनपुसून ठेवावयाचे आणि उजाडल्यावर गहू, ज्वारी, मका यांपैकी कोणत्याही धान्याचा स्पर्श त्या दगडांना होण्यापूर्वी वरई, राजगिरा आणि साबुदाणा दळून घ्यावयाचा, असा तेथील शिरस्ता आहे. उशिरा आलेली एखादी बाई डबा पुढे सरकवीत ‘भाऊ, हाई उपासनं दयन शे, पयले चक्की झाडी ले,’ असे बजावते, तेव्हा रांगेतील माणसे कुरकुर न करता मागे सरतात. कारण गव्हाच्या चिमूटभर पिठानेही व्रतभंग होतो, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

ही सूचना मी वर्षानुवर्षे वाचीत आलो आहे. परंतु घरी कॉफी दळण्यासाठी एखादे यंत्र घ्यावे, असा विचार मनात घोळू लागला, तेव्हा तिच्यात किती सूक्ष्म विचार आहे, हे मला प्रथमच जाणवले. आमचे गाव चहाचे. कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेकडे निघालेला मालमोटारवाला येथे थांबतो तो चहासाठी, आणि कॉफी मागितली तर हॉटेलवाला डब्याच्या तळाशी शोध घेऊ लागतो. अशा ठिकाणी माझ्या फडताळात तीन प्रकारचे बी नांदते : मेळघाटातील चिखलदऱ्याचे, चिक्कमगळूरकडील टपालाने येणारे, आणि मलबारच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगविलेले फिकट, पोकळ अंगाचे बी. चिखलदऱ्याविषयी माझा पक्षपात आहे, तो मी लपवीत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, गाविलगडाच्या शेजारी, आपल्याच मुलखात कॉफीचे झाड फुलते, ही गोष्ट मला त्या पेयाच्या चवीइतकीच प्रिय आहे.

एका घरात तीन प्रकारचे बी असणे ही पूर्वीच्या पिढीला कल्पनेपलीकडची चैन वाटली असती, आणि त्यास कारण केवळ दारिद्र्य नव्हते. बाबा बुदन यांनी अरबस्तानातून सात बिया आणून चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे, आणि तेव्हापासून प्रत्येक डोंगराची, प्रत्येक मळ्याची कॉफी आपापल्या मातीचा गुण घेऊन वाढली असणार. पण १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाची घडी बसली आणि मळेवाल्याने आपले पीक सरकारी साठ्यात जमा करावे, तेथे त्याची प्रतवारी व्हावी, मग लिलाव व्हावा, असा दंडक पडला. १९९० नंतरच्या दशकात ती सक्ती टप्प्याटप्प्याने उठेपर्यंत कोणत्या डोंगराचे बी आपल्या पेल्यात आले, हे साध्या गिऱ्हाइकाला कळण्याची सोय नव्हती. मुंबईत १९३६ साली पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले आणि कॉफीपान मध्यमवर्गीयांच्या अंगवळणी पडत गेले. माटुंग्याच्या दाक्षिणात्य घरांत चिकोरी मिसळलेली ताजी पूड दुकानातून रोजच्या रोज येऊ लागली. परंतु बी एकच, मिश्रण एकच, म्हणून दुकानातील एक मोठे यंत्र सर्वांना पुरे होत असे. बी बदलण्याचा प्रश्न हा अगदी अलीकडचा आहे, आणि दुकानात मांडलेली बहुतेक यंत्रे अजून जुन्याच व्यवस्थेची आहेत.

त्यांच्या माथ्यावर पाव किलो बी सहज मावेल असा पारदर्शक कोठा असतो. ज्या घरी किंवा हॉटेलात बारा महिने एकच बी लागते, तेथे ही तजवीज उत्तम. पण मी सकाळी चिखलदऱ्याची कॉफी दळली आणि दुपारी पाहुण्यांसाठी मलबारची दळावयाची म्हटली, तर कोठा रिकामा केल्यावरही चकत्यांच्या खाचांत आणि पूड बाहेर पडण्याच्या नळीत सकाळची काही पूड अडकून राहते. एका पेल्याला पंधरा ग्रॅम कॉफी लागते. त्यात दोन ग्रॅम आधीची आली, तर सातवा-आठवा हिस्सा परक्याचा झाला. जुन्या महसुली दप्तरात मागील सालची बाकी नव्या सालच्या जमेत मिसळली की रुजुवात घेणारा कारकून जसा हैराण होई, तशी येथे जिभेची अवस्था होते.

यावरचा उपाय शोधताना मला सारखे आमच्या आजीचे घरोट आठवे. त्या घरात एक जाते होते आणि त्याच्यावर सर्व काही दळले जाई : ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, उडीद आणि भरडावयाची तूर. पहाटे ती आणि तिची जाऊ समोरासमोर बसत. एक खुंटा ओढी, दुसरी मुठीमुठीने दाणे वैरीत असे, आणि दोन तळ्यांच्या फटीतून पिठाची पांढरी रांग चोहीकडे उतरत जाई. धान्य बदलावयाचे झाले की वरची तळी दोघी मिळून उचलीत, भिंतीला टेकवून ठेवीत आणि शिंदीच्या कुंच्याने दोन्ही दगडांची तोंडे, मधला खिळा, भोवतालची जमीन इतक्या निगुतीने झाडीत की त्या खाचांत जुन्या धान्याचा कण राहू नये. एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. नव्या धान्याची पहिली मूठ दळून ती वेगळ्या वाटीत काढीत, आणि ती वाटी गोठ्यात जाई. घरच्या माणसांचे पीठ त्यानंतर सुरू होई. उडीद सदैव शेवटी, कारण त्याचे पीठ दगडाला चिकटून बसते. वर्षातून एकदा टाकारी दारावर येऊन गुळगुळीत झालेल्या तळ्यांना टाकी लावून देई. त्यानंतरचे पहिले दळण कोंड्याचे किंवा हलक्या दाण्याचे असे, कारण नव्या खाचांतून निघालेली दगडाची कचकच त्याच्याबरोबर निघून जावी. आणि तूर भरडावयाची असेल तेव्हा आजी खिळ्याभोवती चिंधीचे एक वेटोळे घाली, त्याने वरची तळी किंचित उचलली जाई, आणि दाण्याचे पीठ न होता दोन नीटस दळे होत. त्या वेटोळ्याची जाडी तिच्या बोटांना पाठ होती. तुरीचे निराळे, मुगाचे निराळे. हे सारे करताना ती बोलत नसे, ओव्याही म्हणत नसे, तिचे सगळे लक्ष फटीकडे असे. आज कॉफीची उत्तम यंत्रे बनविणारे कारागीर ज्या गोष्टींची जाहिरात करतात, म्हणजे सहज उघडणाऱ्या चकत्या, मागे काहीच न ठेवणारी वाट, आणि पुन्हा त्याच जागी आणता येणारे अंतर, त्या सर्वांची व्यवस्था मातीच्या त्या ओसरीवर होती, आणि ती लावणारी स्त्री निरक्षर होती.

पाते फिरवून बी चिरणारे यंत्र मी विचारातही घेतले नाही. त्यात काही कण धूळ होतात आणि काही तसेच राहतात, आणि पितळी फिल्टरमध्ये ती धूळ भोके बुजविते. चकत्यांची यंत्रेच खरी, मग त्या सपाट असोत वा शंकूच्या आकाराच्या. प्यूजो या फ्रेंच घराण्याने मोटारी बनविण्याच्या कितीतरी आधी, १८४० साली, हाताने फिरवावयाचे कॉफीचे यंत्र काढले होते, आणि लाकडी पेटीवर दांडा असलेले ते रूप मला अजूनही देखणे वाटते. शेवटी माझी पसंती हातयंत्रालाच पडली : एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम बी वरून घालावयाचे, ते सगळे खाली उतरवावयाचे, आणि चकती दोन बोटांनी काढून कुंच्याने झाडावयाची. अंतर ठरविणारे कडे टकटक आवाज करीत फिरते, म्हणून प्रत्येक बियाचे ठिकाण वहीत लिहून ठेवता येते. हलके भाजलेले बी कठीण असते आणि ते फिरविताना मनगटाला कळते. काळसर भाजलेले चटकन फुटते, पण त्याचे तेल पोलादाला धरून बसते, म्हणून ते मी आजीच्या उडदाप्रमाणे शेवटी दळतो.

एक शत्रू मात्र तिला ठाऊक नव्हता. दळताना कॉफीच्या कणांवर विद्युत्भार चढतो आणि ते भिंतींना चिकटतात. ऑरेगॉन विद्यापीठातील रसायनज्ञ क्रिस्टोफर हेंडन यांनी ज्वालामुखीच्या राखेतील विजेचा अभ्यास करणाऱ्या सहकाऱ्यांसह याचा शोध घेतला आणि २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, दळण्यापूर्वी बियांवर थोडेसे पाणी शिंपडले असता हा भार पुष्कळ कमी होतो. मी चमच्याचा दांडा ओला करून बियांतून फिरवितो. पूड खाली मोकळी पडते. अग्निपर्वतावरील विजांचे शास्त्र माणसाच्या सकाळच्या पेल्यापर्यंत यावे, याचा मला अपार आनंद वाटतो.

आमच्या तालुक्याच्या तुरीला, नवापूरच्या तूरडाळीला, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती घरोटावर भरडण्याची रीत अजून काही घरांत टिकून आहे, आणि त्या डाळीचे वरण यंत्राने चकचकीत केलेल्या डाळीच्या वरणापेक्षा कितीतरी सरस लागते, असे माझे ठाम मत आहे. खांडबाऱ्याहून नंदुरबारकडे गेले की मात्र दळण्याची दुनियाच बदलते. तेथे हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर लाल मिरची मैलभर पसरलेली असते, वाळवणाऱ्या मजूर स्त्रिया नाकाला पदर बांधून ती उलटीत असतात, आणि तिखट कुटणारे डंके स्वतंत्र असतात. त्यांवर दुसरे कोणतेही दळण घेत नाहीत, आणायचे कोणाच्या मनातही येत नाही. माघात त्या रस्त्याने जाताना मी बसची खिडकी उघडी ठेवतो. शेजारचे प्रवासी शिंकतात, बंद करा म्हणतात. मी बंद करतो, पण तोवर तो वास अंगरख्यात पुरता शिरलेला असतो.