पुस्तकांनी तारलेले गाव

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला विग्टन हे जेमतेम हजार वस्तीचे गाव आहे. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरला तिथे माहेरी आल्यासारखे वाटले! १९९३ साली जवळची व्हिस्कीची भट्टी बंद पडली, दुधाचा कारखानाही गेला, आणि गावाला अवकळा आली. मग १९९८ साली विग्टन स्कॉटलंडचे ‘पुस्तकांचे गाव’ ठरले. आज त्या एवढ्याशा चौकाभोवती जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. पाय निघता निघत नाही.

गावाखालच्या खाजणात मात्र एक दगडी खांब उभा आहे. शपथ नाकारल्याबद्दल १६८५ साली दोघी मार्गारेटना, एक साठीची, दुसरी अवघी अठरा वर्षांची, तिथे भरतीत बुडवून मारले. शब्दासाठी जीव देणाऱ्यांचे हे गाव. त्याला पुढे शब्दांनीच जगवले!