फळीला पावसाळा काढायचाय

कपाट उभं राहतं सांगाड्यावर, पण रोज हाताशी येतं ते दार. दोन दारांमधली फट जराशी तिरकी असली तरी नजर तिथेच अडते. सुतारकाम नव्याने शिकणाऱ्याने दार शेवटी करावं असं सगळे सांगतात. मला उलट वाटतं. लाकूड म्हणजे काय, हे दाराइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

रत्नागिरीतल्या आमच्या स्वयंपाकघरासाठी मी सागवानी दारं करायला घेतली. १८ मिलिमीटरचा प्लाय कापून वर सनमायका लावणं सोपं, आणि ते वाईटही नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो दमट हवेत फारसा हलत नाही. अखंड लाकडाचं तसं नसतं. झाड तोडून वर्षं लोटली तरी ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. सागासारख्या शांत लाकडाचीही फूटभर रुंद फळी हिवाळ्यापासून आषाढापर्यंत दोन-तीन मिलिमीटर फुगू शकते. तिला जखडून ठेवलं तर ती तडकते, नाहीतर चौकटीचे सांधे सुटतात.

जुन्या सुतारांनी यावर काढलेल्या उपायाने मी अजून थक्क होते. चार पट्ट्यांची चौकट, कोपऱ्यांत घट्ट कुसवं, आतल्या कडेला खोबण आणि त्या खोबणीत नुसती सरकवलेली फळी. शेजारच्या सुतारकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गोंद फक्त कुसवांना हां, बाय. फळीला थेंबही नको. तिला पावसाळा काढायचाय."

किती जागा सोडायची, हे ऋतूवर ठरतं. पौषात केलेल्या दारातली फळी आधीच आकसलेली असते, तिला दोन्ही बाजूंनी मोकळीक लागते. भर श्रावणात केलेल्या दारात ती खोबणीच्या तळाला जवळजवळ टेकली तरी चालतं, कारण पुढे ती आकसणारच. मापं मिलिमीटरमध्ये घेतली तरी त्यांत महिना मिसळावा लागतो. पॉलिशही फळी बसवण्याआधीच करायचं, नाहीतर ती आकसली की कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते.

चौकट जुळवली की गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले की कोपरे काटकोनात आहेत. बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडणं त्यामानाने किरकोळ.

कोकणातल्या जुन्या घरांच्या दारांत लहान लहान चौकोन असतात. ती नक्षी आहे, असं मी समजत आले होते. आता त्यांत मला फुगण्या-आकसण्याची वाटणी दिसते. म्हणून ओट्याखालच्या रुंद दारांना मी मधोमध आणखी एक उभी पट्टी देणार आहे. एका रुंद फळीऐवजी दोन अरुंद फळ्या बसतील आणि प्रत्येकीची हालचाल निम्मी होईल.