फुली दिसली की सही

बँकेत पेन्सिली कशाला लागतात, हे कोडं आमच्या ऑडिटरलाही सुटलेलं नाही. पेन्सिल आम्हाला लिहायला लागत नाही, फुल्या मारायला लागते. कर्जाचा फॉर्म असो की विम्याचा, गिऱ्हाइकापुढे सरकवण्याआधी जागोजागी बारीक फुली मारायची आणि म्हणायचं, "काका, फुली दिसली की सही." वीस वर्षं नंदुरबार जिल्ह्यात नोकरी केली. फुलीच्या वरचा मजकूर वाचणारा एकच महाभाग भेटला. तो निवृत्त मराठीचा मास्तर होता आणि त्याला ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायच्या होत्या.

अशा या फुलीबहाद्दराकडे, म्हणजे अस्मादिकांकडे, शहाद्याच्या शाखेत एका दुपारी धडगावकडचा एक खातेदार बावीस पानांचा कागद घेऊन आला. बरोबर अकरावीतला मुलगा. मुलाला सिकलसेल. सातपुड्यात या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि मग हाडं अशी ठणकतात की पोरं रात्र रात्र कण्हतात. दूरच्या शहरातल्या कुठल्याशा इस्पितळाने विचारलं होतं, नव्या गोळीची चाचणी आहे, मुलाला घालता का?

"साहेब, तुम्ही कागदवाले," बाप म्हणाला. "सही कुठे करायची तेवढं दाखवा."

मी पहिलं वाक्य वाचलं. 'यादृच्छिक, दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित.' बी.कॉम.ला कॉस्टिंग मी दुसऱ्या खेपेला सोडवलं होतं. हे तिसऱ्या खेपेलाही सुटेना.

"दुहेरी-अंध म्हणजे दोघं आंधळे का?" मुलाने विचारलं.

प्रश्न अगदीच बावळट नव्हता. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे ना रोग्याला ठाऊक ना डॉक्टरला. म्हणजे आंधळे दोघेच!

आता कायद्याची गंमत बघा. अठरा वर्षांखालच्या माणसाला आपण कागदोपत्री चक्क 'अज्ञान' म्हणतो. सातबाऱ्यावर 'अ.पा.क. आई' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. सही पालनकर्त्याची, अज्ञानाने गप्प बसायचं. औषधांच्या बाबतीत मात्र सरकारी शहाणपण थोडं पुढे गेलंय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आईबापांच्या परवानगीखेरीज सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी होकार लागतो.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस मुलींना देण्याचा एक प्रकल्प झाला. लस जगभर चालते, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण २०१० साली प्रकल्प थांबला आणि २०१३च्या संसदीय समितीच्या अहवालात निघालं की, आंध्रातल्या अडीच हजारांहून अधिक संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी नि मुख्याध्यापकांनीच सह्या ठोकल्या होत्या. फुली दिसली की सही! आमच्या जिल्ह्यात आश्रमशाळा किती आहेत ते आठवलं की हे वाचून हसू येत नाही.

मग कॅमेरा आला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आणि पुढे नियमात बसलं की, नव्या रेणूंच्या चाचणीत दुर्बळ गटातला माणूस घ्यायचा तर संमती घेतानाचं चित्रीकरण करायचं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या चाचण्यांत फक्त आवाज, म्हणजे चेहरा उघडा पडायला नको. छान आहे. पण यात कॅमेरा रोग्याकडे रोखलेला. उद्या भांडण झालं तर पुरावा. रोग्याला काही दाखवायचं, तर कॅमेरा उलटा फिरवायला हवा.

तो त्या इस्पितळाने फिरवला होता, हे नशीब. बापाच्या मोबाइलवर आठ मिनिटांची मराठी फिल्म येऊन पडली होती. रोजच्या 'शुभ सकाळ'च्या फुलांतलीच एक समजून त्याने उघडली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती आम्ही रेकॉर्ड रूममध्ये पाहिली. विळा होणारी पेशी, दोन डब्या, रक्त किती वेळा काढणार, मधेच सोडलं तरी नेहमीचे उपचार चालूच. पोरगा दर मिनिटाला फिल्म थांबवायचा आणि बापाला पावरीत सांगायचा. कागदोपत्री अज्ञान जे होतं, ते पालनकर्त्याला शिकवत होतं!

इंग्लंडात यॉर्क विद्यापीठाच्या मंडळींनी मुलांसाठी अशीच माहिती तयार करून खऱ्या चाचण्यांत पारखली. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. छापील कागदाऐवजी अशी माहिती दिली तेव्हा हो म्हणणारे वाढले. निर्णय घेणं मात्र अधिक चांगलं जमल्याचं दिसलं नाही. हे मी आमच्या मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "टार्गेट वाढलं ना? मग बाकीची चौकशी कशाला?" मॅनेजर माणसाला 'नाही' हाही निकाल असतो हे पटवणं कठीण.

फिल्म संपल्यावर पोराने पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर प्रश्न लिहिले. दुखणं उठलं तर रात्री फोन कुणाला? परीक्षेच्या दिवसांत तपासणी पुढे ढकलता येते का? आणि तिसरा : गोळी लागू पडली आणि चाचणी संपली, तर पुढे ती मला मिळेल का, आणि पैसे कोण देणार? तिसऱ्याचं उत्तर फिल्ममध्ये नव्हतं. कागदात सतराव्या पानावर एक वाक्य होतं. मी चारदा वाचलं, मिळणार की नाही हे त्याने कुठेच कबूल केलेलं नव्हतं.

बाप पेन उघडून बसला होता. दोघं पावरीत बरंच बोलले. मला त्यातला 'फोन' तेवढा कळला. मग बापाने टोपण लावलं, कागद घडी करून पिशवीत घातला आणि विचारलं, "साहेब, धडगावची गाडी गेली का हो?"